कार्बॉक्सीथेरपी: आधी वर्तुळाचा रंग बघा

प्रश्न असा, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी कार्बॉक्सीथेरपीचं (त्वचेखाली कार्बन डायऑक्साइड वायू सोडायचा उपचार) पॅकेज घ्यावं का. पैसे भरण्याआधी उजेडात आरशासमोर खालच्या पापणीची कातडी हलकेच ताणा. निळसर-जांभळट झाक उठून दिसली तर तो रक्तवाहिन्यांचा मामला. तिथे थोडाफार फरक पडतो. बारीक सुईने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, हिमोग्लोबिन जास्त ऑक्सिजन सोडतं (हाच तो बोर परिणाम!). पापणी लगेच टम्म फुगते, पण वायू शोषला गेला की उतरते. तपकिरी रंग मात्र मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याचा. आपल्याकडे हेच फार, त्यात डोळे चोळायची खोड. तिथे सनस्क्रीन आधी. ताणल्यावर काळेपणा गायबच झाला तर ती खड्ड्याची सावली, तिला वायू काय करणार? आणि सुई त्वचारोगतज्ज्ञाच्याच हातात हवी, पार्लरमध्ये नको.