छोट्या होडीवर प्यायचं पाणी कसं ठेवायचं? टाकी, कॅन की जार? सल्ला हवाय

खाडीवाला_मालाड
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, मढला एका ओळखीच्यांच्या वाडीत प्लायवूड-फायबरची १६ फुटी शिडाची होडी बनवतोय, रंगकाम सोडलं तर आता झालीच म्हणायची. दिवाळीनंतर मी आणि मेव्हणा मढहून मांडव्याला जाणार, तिथे मुक्काम, मग थळ, खांदेरी लांबून बघून परत, असा दोन रात्रींचा बेत आहे. सगळं जमलं पण पाण्यावर गाडी अडलीय. पुढे नाळेत त्रिकोणी जागा मोकळी पडलीय, तिथेच आतून फायबर मारून ४० लिटरची टाकी करावी आणि पाईपने मागे तोटी आणावी असं डोक्यात आहे. बायको म्हणते एवढा उपद्व्याप कशाला, बाटल्यांचे दोन बॉक्स टाका आणि निघा. कोणी केलंय का असं काही?

वेसावकर
भाऊ, नाळेत ४० लिटर म्हणजे ४० किलो. एवढ्याशा होडीत तेवढं वजन पुढे टाकलंस तर लाटेत नाक घालत जाईल ती. पाणी नेहमी मध्यावर, तळाला. आणि टाकी अर्धी झाली की खरी मजा, होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला आतलं पाणी पळतं आणि तिला अजून कलवतं. मोठ्या बोटीच्या टाकीत आत फळ्या असतात त्या याचसाठी. तू १०-१० लिटरचे कॅन घे, एक पूर्ण संपव मग दुसरा उघड, म्हणजे एका वेळी हलणारं पाणी एकाच कॅनमधलं.
आणि हिशोब दोन दिवसांचा धरू नको, तीनचा धर. जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीवर घेऊन मस्त जाशील, येताना तोच वारा तोंडावर, टाचण घालत, म्हणजे नागमोडी, यावं लागेल. माणशी दिवसाला ४ लिटर पकड, उन्हात शीड ओढायचंय, घरात पंख्याखाली नाही बसायचंय.

रेझिनवाला
फायबरच्या टाकीबद्दल हात जोडून सांगतो, नको. मी केली होती. साधं पॉलिएस्टर रेझिन, वरून जेलकोट, आठवडाभर सुकवली, चार वेळा धुतली, तरी पाण्याला थिनरसारखा वास. सोडा टाकून ठेवला, व्हिनेगर टाकून ठेवलं, काही फरक नाही, शेवटी चहातसुद्धा तोच वास यायला लागला तेव्हा बायकोने चहा समुद्रात ओतला आणि पुढचे दोन तास माझ्याशी बोलली नाही. रेझिन नीट शिजलं नाही की त्यातलं स्टायरीन पाण्यात उतरत राहतं. वर होडीच्या अंगाला चिकटून बांधलेली टाकी आतून घासायला हात जात नाही ते वेगळंच.
एचडीपीईचे कॅन घे, बुडाला त्रिकोणात २ आकडा असतो. आणि नवेच घे. भंगारातले निळे ड्रम स्वस्त मिळतात पण आधी आत काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

खाडीवाला_मालाड
बापरे. बरं, टाकी कॅन्सल. १०चे तीन कॅन घेतो. मग तोटी कॅनलाच खाली लावली तर चालेल ना? गादीवर बसल्या बसल्या ग्लास भरायचा.

भाऊचा_धक्का
तोटीवाल्यांनो, माझी कथा ऐका. कॅनला खाली बॉल व्हॉल्व बसवलेला, लांब दांड्याचा, रेवसजवळ नांगर टाकून झोपलो, रात्री कधीतरी दोरीचं वेटोळं घसरून त्या दांड्यावर पडलं आणि तोटी उघडली. सकाळी फळी उचलली तर १५ लिटर गोडं पाणी तळात, डिझेल आणि माशाच्या खवल्यांसोबत. प्यायला उरली एक अर्धी लिटरची बाटली आणि दोन शहाळी. तळाला भोक म्हणजे गळायला वाट, मग ती नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली भारीतली तोटी असो नाहीतर माठाची दहा रुपयेवाली.
पाणी वरून काढा. पंप लावा.

वेसावकर
पंप बिघडला की मग काय करशील? तोटीला बिघडायला काही नाही. तुझा दांडा लांब होता ती तुझी चूक, दाबून धरायची तोटी लाव, हात सोडला की आपोआप बंद.

भाऊचा_धक्का
पंप बिघडला तर झाकण उघडून कॅन तिरका करीन, कॅन तिथेच आहे की काका! तोटी गळाली तर पाणीच नाही.

रेझिनवाला
दोघांचंही बरोबर, पण मी पण पंपवाला. फूट पंप असेल तर उत्तम, एक हात होडीला, एका हातात ग्लास, पाय पंपावर. महाग वाटला तर २० लिटरच्या जारवरचा हाताने दाबायचा पंप बघ, पण तो जारच्या तोंडाच्या मापाचा असतो, कॅनला बसत नाही, झाकणाला भोक पाडून पाईप सोडावा लागतो. त्याची आतली स्प्रिंग खाऱ्या हवेत गंजते, माझी एका सीझनमध्ये गेली. चार्जिंगवाला तर नकोच, पिनच्या भोकात मीठ बसतं. पाईप फूड ग्रेड सिलिकॉनचा घे, गवंड्यांचा लेव्हल पाईप नको, पाण्याला प्लास्टिकची चव येते. आणि झाकणाला हवेसाठी बारीक नळी ठेव, तोंड खाली वळवून, म्हणजे तुषार आत जाणार नाहीत. हवा आत गेली नाही तर पंप ओढतच नाही, नुसता उचक्या देतो.

प्रयोगशाळा_ताई
कॅन वापरण्याआधी निर्जंतुक करून घ्या, हे सगळे विसरतात. सुगंध न घातलेलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच), १० लिटरला १० मिली, म्हणजे दोन चमचे. पूर्ण भरा, पंपातूनही थोडं काढा म्हणजे पाईप आतून धुतला जाईल, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत साध्या पाण्याने खंगाळा. हे धुण्याचं प्रमाण आहे, प्यायच्या पाण्याला एवढं टाकू नका! पाणी निघायच्या आदल्या रात्रीच भरा आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतलं नको, थेट पालिकेच्या लाईनचं मिळालं तर बघा, त्यात क्लोरीन असतं. कॅन पांढरट असेल तर गोणपाटात गुंडाळा, उजेड लागला की शेवाळ धरतं.

गोराई_बेट
माझे आजोबा कॅनव्हासची छागल डोलकाठीला टांगायचे, पाणी गार. पण आपल्या दमट हवेत वाळवंटासारखं गार होत नाही, वारा असेल तेवढंच. आणि तुषार बसून बाहेरून खारट होते, ओठ लावला की तोंड वाकडं 😄

खाडीवाला_मालाड
सगळ्यांचे आभार. काल तीन कॅन आणले, एकाला फूट पंप, बाकी दोन सीलबंद. शिवाय बायकोचा मान ठेवून लिटरच्या सहा बाटल्या वेगळ्या, त्यांना हात लावायचा नाही. गच्चीत ट्रायल घेतली, सात दाबांत ग्लास भरतो. मेव्हण्याने कॅन बांधायला सुतळी आणलीय, चालेल?

वेसावकर
सुतळी? लाडू बांधायचेत का? ट्रकवाल्यांचा पट्टा घे, कडीवाला, आणि तळाला दोन लाकडी पट्ट्या मार म्हणजे कॅन सरकणार नाही. चुकून समुद्रात पडला तर घाबरू नको, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, भरलेला कॅन तरंगतो. फक्त झाकण घट्ट हवं. आणि निघायच्या आधी उधाण कधी आहे ते बघून इकडे सांग.