सरांची फाइल: सन्मानाचा प्रस्ताव तयार करतानाचे तुमचे अनुभव

तापीकाठ:
काल कपाट आवरताना सरांच्या एमेरिटस (निवृत्तीनंतर मानाने दिलं जाणारं प्राध्यापकपद) प्रस्तावाची झेरॉक्स सापडली. स्पायरलची तार गंजलीय, सरांची सही मात्र तशीच ठळक. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

सर भूगर्भशास्त्राचे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातल्या विहिरी वर्षातून दोनदा मोजायचे, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर. टेपला खाली वजन, शेवटच्या काही फुटांना खडू चोळलेला. टेप वर ओढली की खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. मी विद्यार्थी असताना टेप धरलीय. दर मे महिन्यात ती आणखी खाली सोडावी लागायची. अशा २२ वर्षांच्या वह्या.

प्रस्तावाच्या नमुन्यात शोधनिबंध, पीएच.डी.चे विद्यार्थी, प्रकल्प, पुस्तकं, सगळ्यांना रकाने. विहिरींना रकाना नाही. मी त्या 'इतर'मध्ये चार ओळींत बसवल्या. प्रस्ताव मंजूर झाला नाही. त्या चार ओळी मला अजून खुपतात. तुम्ही कुणासाठी अशी फाइल केली असेल तर लिहा.

बोरीकाठची:
आमच्या बाईंची फाइल एका कागदावर अडली होती. जळगावचं विद्यापीठ १९९० चं, त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. बाई १९८४ ला लागल्या, म्हणजे शिक्षक मान्यतेचं पत्र पुण्याचं. घरातली प्रत वाळवीने खाल्लेली. शेवटी एका निवृत्त हेडक्लार्कभाऊंनी सर्व्हिस बुकातली नोंद शोधून दिली. दोन दिवस बसले होते बिचारे, चहासुद्धा घेतला नाही.

खान्देशी पोऱ्या:
डोयामा पानी उनं भाऊ.

केळीचं पान:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्या ह्यांचा प्रस्ताव मीच लिहिला. मी लिहायचे 'मी प्रयोगशाळा उभारली', हे 'मी' खोडून 'आम्ही' करायचे. सोबतचा शिपाई, विद्यार्थी, सगळे त्यात होते म्हणे. तीनदा पान बदललं. शेवटी 'आम्ही'च राहिलं, आणि मला तेच बरोबर वाटतं. शिट्टी झाली, येते.

गिरणाथडी:
ज्यांचे सर निवृत्त होताहेत त्यांनी पाच वर्षं आधीच कागद गोळा करा. जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं घ्या, पण 'सर फार चांगले' अशी नकोत. काय शिकलो, त्याचं पुढे काय केलं ते लिहून घ्या. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये निवृत्त प्राध्यापकांसाठी फेलोशिप जाहीर केली, महिना ५०,००० रुपये, पण देशभरात जागा १००. म्हणून कागद पक्के हवेत.

खान्देशी पोऱ्या:
तापीकाठ भाऊ, सर बामणोदकडचे का? तिकडच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, आता थंडी पडली की या.

केळीचं पान:
भरताला वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजा रे, गॅसवर नको!

बोरीकाठची:
तापीकाठ, त्या वह्या आहेत कुठे? विहिरींचे इतके जुने आकडे आता कुणाकडे मिळणार?

तापीकाठ:
बामणोद नाही भाऊ, पण जवळचंच. ताई, वह्या माझ्याकडे आहेत. पोरगी मोबाइलवर एकेक पान स्कॅन करतेय. २००३ ची तेवढी सापडत नाही, सरांच्या घरी माळ्यावर असेल. रविवारी जातो, काकूंना फोन केलाय.