अनुभव धागा : लहान मेकॅनिकल कीबोर्ड घेताना लेआउट कसा निवडलात?

कळफलक_कोल्हापुरी (धागाकर्ता)

"साठ टक्के घेऊ का पासष्ट?" (टक्के म्हणजे पूर्ण कीबोर्डाच्या मानानं अंदाजे आकार) हा प्रश्न दर आठवड्याला येतोच, म्हणून अनुभव एका जागी जमवूया. स्विच लाल की तपकिरी, खाली दिवे किती रंगांचे, हे इथं नको. फक्त कळांची मांडणी. काम कसलं, कुठली कळ गेल्यावर अडलं, तोड काय निघाली, एवढं लिहा. जन्मकथा नको, मापं द्या.

पहिली मापं माझ्याकडनं. साध्या अक्षराच्या एका कळीची जागा म्हणजे १ यू, १९.०५ मिमी. साठ टक्के: ६१ कळा, रुंदी १५ यू, म्हणजे सुमारे २८६ मिमी. पासष्ट: ६७-६८ कळा, १६ यू, ३०५ मिमी. पंचाहत्तर: ८२ ते ८४ कळा, रुंदी जवळपास तेवढीच, वर एफ-ओळ (एफ१ ते एफ१२) जास्तीची. टीकेएल (नमपॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा गट, नसलेला): ८७ कळा, ३४८ मिमी. पूर्ण १०४ कळांचा ४२९ मिमी. केसची कड यात धरलेली नाही. साठ आणि पासष्टमध्ये फरक बोटभर जागेचा आहे, पण त्या बोटभरात चारही बाण येतात.

पंचगंगाकाठ

इन्स्क्रिप्टमध्ये (देवनागरीची प्रमाण कळमांडणी) मराठी टंकत असाल तर टक्के राहू द्यात, आधी उजवी शिफ्ट मोजा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी डीच्या कळीवर हलंत, शिफ्ट धरली की अ. इंग्रजी ईच्या कळीवर काना, शिफ्ट धरली की आ. डाव्या हाताचं अक्षर म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीनं. 'आई अंबाबाई' एवढं लिहायला उजवी शिफ्ट चार वेळा लागते. 'कोल्हापूर'ला एकदाही लागत नाही, तेव्हा दुकानात कोल्हापूर टंकून कीबोर्ड पास करू नका.

साठ टक्के आणि टीकेएलमध्ये ही शिफ्ट २.७५ यू असते. पासष्ट आणि पंचाहत्तरमध्ये १.७५ यू, लगेच शेजारी वरचा बाण. आठ-दहा दिवसांत करंगळी तिथं बसते. 'साठ टक्क्यांत बाणसुद्धा' म्हणून जे ६४ कळांचे विकतात त्यात बहुधा ही शिफ्ट १ यूची. करंगळी जरा पुढं गेली की बाण दाबला जातो: कर्सर वरच्या ओळीत आणि अ ऐवजी तिथं हलंत. मराठी टंकणाऱ्यानं ६४चा नाद सोडावा.

दुसरी कळ डिलीट. बॅकस्पेस मराठीत शेवटची खूण तेवढी खातो: 'किल्ला'च्या शेवटी एकदा दाबला तर काना जातो, मग ल, मग हलंत. डिलीट मात्र बहुतेक प्रोग्रॅममध्ये पुढचं अख्खं जोडाक्षर एका दाबात उडवतो. मजकूर तपासायचं काम असेल तर वेगळी डिलीट कळ हवीच, एफएन (कळांचं दुसरं काम उघडणारी कळ) धरून नको. पासष्टमध्ये ती सहसा उजव्या स्तंभात मिळते, पण काही मॉडेलांत तिथं होम किंवा दिव्यांची कळ असते. फोटो मोठा करून बघा.

आकड्यांची ओळ नसलेले चाळीस टक्केवाले तर विषयच नाही. ज्ञ, त्र, क्ष, श्र हे शिफ्टसह ५, ६, ७, ८ वर आहेत.

मुद्रण_लक्ष्मीपुरी

लग्नपत्रिका, दिनदर्शिकावाल्यांसाठी. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट अजून चालू असतील तर कमी वापराची अक्षरं ऑल्ट धरून नमपॅडवर चार आकडे दाबून येतात. वरच्या ओळीतले आकडे तिथं चालत नाहीत. म्हणजे साठपासून टीकेएलपर्यंत सगळेच बाद.

दोन तोडी आहेत. एक, सुटा यूएसबी नमपॅड, आणि तो डावीकडं ठेवा, माउसला जागा राहते. दुसरी, व्हाया (कळांची कामं बदलायचं सॉफ्टवेअर) चालणारा कीबोर्ड. क्रोममध्ये उघडून एफएनच्या थरात (एफएन धरल्यावरच्या कामांत) यू, आय, ओ / जे, के, एल / एम आणि त्याच्या पुढच्या दोन कळांवर नमपॅडचे १ ते ९ बसवा, शून्य स्पेसवर, नमलॉकही त्याच थरात. नेमायचे ते नमपॅडचे आकडे, साधे आकडे नेमले तर काही होत नाही. बहुतेकांची चूक इथंच होते. तरी दिवसाला पन्नास वेळा ऑल्ट-कोड लागत असेल तर हे तीन बोटांचं सर्कस करू नका, नमपॅड घ्या.

गूळ_आणि_जीएसटी (शाहूपुरी)

टॅलीला साठ टक्के घेणाऱ्याला नमस्कार. पेमेंट एफ५, रिसीट एफ६, जर्नल एफ७, सेल्स एफ८, पर्चेस एफ९, तारीख एफ२. प्रत्येक व्हाउचरला एफएन धरायचं? आणि आडत्याच्या पट्ट्यांचे आकडे वरच्या ओळीतून?

आमच्या कामाला ९६ टक्केवाला बरा. रुंदी १९ यू, सुमारे ३६२ मिमी, नमपॅड चिकटून. पण एक खोड सांगून ठेवतो. त्यात नमपॅडचा शून्य १ यूचा असतो आणि नेहमीच्या दोन यूच्या शून्याची डावी अर्धी जागा उजव्या बाणानं खाल्लेली असते. अंगठ्यानं शून्य दाबणाऱ्याचा अंगठा नेमका बाणावर पडतो. १०००० मारताना दोन शून्यं गळतात आणि कळत नाही. व्हाया असेल तर तो बाणच शून्य करून टाका, खरे बाण एफएनखाली. नाहीतर तर्जनीनं शून्य मारायची सवय.

पंचगंगाकाठ

@गूळ_आणि_जीएसटी ९६मध्येही उजवी शिफ्ट बहुधा १.७५च असते, मराठी पत्रव्यवहार असेल तर धरून चाला.

उद्यमनगर_कॅड

ऑटोकॅडला पंचाहत्तर. एफ३ ऑस्नॅप, एफ८ ऑर्थो आणि एस्केप डाव्या हाताला सुटे पाहिजेत, आकडे वरच्या ओळीतनं चालतात. बाण फारसे लागत नाहीत. एफ-ओळ आणि आकड्यांच्या ओळीत फट असलेलं मॉडेल बघा. फट नसली की न बघता एफ३च्या जागी ३ दाबला जातो.

बॅकटिक_भाऊ

कोड लिहिणाऱ्यांसाठी. साठ टक्क्यांत एस्केप आणि बॅकटिक (`) एका कळीवर. क्यूएमकेमध्ये (कीबोर्डाच्या आत चालणारं फर्मवेअर) 'ग्रेव्ह एस्केप' लावता येतो: नुसती दाबली की एस्केप, शिफ्टसह टिल्ड (~), विंडोज-कळीसह बॅकटिक. त्याची किंमत अशी की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडत नाही, कारण शिफ्टमुळं तिथं बॅकटिकची कळ जाते. फर्मवेअर स्वतः कंपाइल करत असाल तर ग्रेव्ह एस्केपचा 'कंट्रोल ओव्हरराइड' चालू करा.

जागा वाचवायला काही जण मधल्या ओळीतल्या अक्षरांवरच कंट्रोल-शिफ्ट बसवतात: टॅप केलं तर अक्षर, धरून ठेवलं तर कंट्रोल. इंग्रजीला झकास. मराठीत डी म्हणजे हलंत, आणि त्याच्यावर बहुतेक जण कंट्रोल ठेवतात. आता 'कोल्हापूर' टंका. ल, हलंत, ह, म्हणजे एन, डी, यू. हलंतावरचं बोट २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं आणि यू दाबला की कंट्रोल-यू होतो, ह गायब आणि वर्डमध्ये अधोरेखन चालू. भावा, मराठी आणि ही युक्ती एकत्र नांदत नाहीत. कंट्रोल कॅप्सलॉकवर न्या, कुणाचं काही बिघडत नाही.

आणि भाषा बदलायची विंडोज-स्पेस अचानक बंद पडली तर कीबोर्ड परत करायला धावू नका. गेमिंग कीबोर्डांत एफएन-विंडोजनं विंडोज-कळ कुलूपबंद होते. तेच परत दाबा.

नवशिका_राजारामपुरी

लंडनहून पाहुणे आयएसओवाला (ब्रिटिश मांडणीचा) आणतायत. घेऊ का?

पंचगंगाकाठ

घेण्याआधी तीन गोष्टी बघा. डावी शिफ्ट २.२५ ऐवजी १.२५ यू, आणि ख, थ, ध, भ, श, ळ सगळे डाव्या शिफ्टवर. एंटर उभा आणि करंगळीपासून एक कळ लांब. फायदा एकच, पण गोड: अमेरिकन मांडणीत वर कोपऱ्यात असलेली बॅकस्लॅशची कळ इथं एंटरला लागून मधल्या ओळीत येते. इन्स्क्रिप्टमध्ये तिच्यावर ॉ, शिफ्टसह ऑ. ऑफिस, कॉलेज, डॉक्टर लिहिणाऱ्याला बरं. इंग्रजीसाठी विंडोजमध्ये 'युनायटेड किंग्डम' निवडा, नाहीतर @ आणि दुहेरी अवतरण एकमेकांच्या जागी दिसतील. ₹ तेवढा 'इंग्लिश (इंडिया)'मध्ये उजवा ऑल्ट-४ वर आहे, 'युनायटेड किंग्डम'मध्ये मिळणार नाही.

कीकॅपवेडा

त्याला हेही सांगा की आयएसओचे कीकॅप (कळांवरच्या टोप्या) इकडं शोधत बसावं लागतं.

पासष्ट-पंचाहत्तरवाल्यांनी जादा कीकॅपसंच घेताना यादीत १.७५ यूची उजवी शिफ्ट आणि स्पेसच्या उजवीकडच्या १ यूच्या ऑल्ट, एफएन, कंट्रोल आहेत का बघा. १०४ कळांच्या साध्या संचात तिथं २.७५ आणि १.२५ असतात, बसत नाहीत. उजव्या स्तंभाचं आणखी एक: चेरी किंवा ओईएम उंचीच्या कॅपना प्रत्येक ओळीला वेगळा उतार असतो. साध्या संचातली पेजडाउन दुसऱ्या ओळीसाठी कापलेली. पासष्टात ती खाली लावली की दातांच्या कवळीत एक दात पुढं आल्यासारखी दिसते आणि बोटाला लागते. एक्सडीए किंवा डीएसए आकाराच्या कॅप घ्या, सगळ्या ओळी सारख्या.

देवनागरी स्टिकर खडबडीत पीबीटी (प्लास्टिकचा एक प्रकार) कॅपवर नीट धरत नाहीत, वाटीसारख्या खोलगट माथ्यावर कोपरे आधी सुटतात. इन्स्क्रिप्टचा तक्ता छापून मॉनिटरखाली लावा.

उद्यमनगर_कॅड

पैसे घालण्याआधी फुकटची चाचणी. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं 'कीबोर्ड मॅनेजर' उघडायचं, लहान कीबोर्डात नसणाऱ्या कळा एकेक करून 'डिसेबल' करायच्या: साठसाठी एफ१ ते एफ१२, बाण, होम-एंडचा गट, नमपॅड. पासष्टसाठी बाण आणि डिलीट ठेवा. उजव्या शिफ्टच्या टोकाकडच्या १ यूवर, म्हणजे १९ मिमीवर, पुठ्ठा चिकटवा, राहिलेली १.७५ यू. असं आठ दिवस नेहमीचं काम करायचं आणि अडलं की कळीचं नाव कागदावर लिहायचं. एकाच कळीपुढं दिवसाला दहा रेघा पडल्या तर ती सुटी असलेलाच लेआउट घ्या. पासवर्डात काय लागतं तेही आधी बघून ठेवा, लॉगिनच्या पडद्यावर पॉवरटॉइज चालत नाही.

नवशिका_राजारामपुरी

तीन दिवस झाले. डिलीटपुढं एकोणीस रेघा, एफ-ओळीपुढं दोन. पाहुण्यांना नको म्हणून कळवलंय, पासष्ट बघतोय.