न्हाणीतून उलटे वर येणारे सांडपाणी: चोकअप घरातला की इमारतीच्या लाइनमधला?

तळमजला_पुणे:

पुण्यातील एका जुन्या, चार मजली सोसायटीत आम्ही तळमजल्यावर राहतो. अलीकडे वरच्या कोणाच्या वॉशिंग मशिनचे पाणी सुटले की आमच्या न्हाणीघरातल्या जाळीतून आधी गुडगुड आवाज येतो, मग बुडबुडे येतात आणि पाठोपाठ राखाडी, साबणी पाणी वर चढते. त्यात कधी भाताची शिते असतात, कधी तेलाचा तवंग. आमचे सगळे नळ बंद असतानाही हे घडते. कमोड मात्र अजून नीट वाहतो.

प्लंबरने जाळीतून स्प्रिंग फिरवली की तेवढ्यापुरते पाणी उतरते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता तो ॲसिड ओतू या म्हणतो. पाणी तुमच्या घरात येते, तेव्हा दुरुस्तीही तुमचीच, असे सोसायटीचे म्हणणे आहे. सासूबाईंना आधार देऊन त्याच न्हाणीघरात न्यावे लागते, त्यामुळे हे असेच चालू ठेवणे शक्य नाही. दोष नेमका कोठे आहे हे आम्हाला ओळखता येईल का?

निवृत्त_स्थापत्य_अभियंता:

ओळखता येईल, आणि बऱ्याच खुणा आपण स्वतःच लिहिल्या आहेत. एकाच जाळीचे पाणी रेंगाळते आणि बाकी सर्व ठीक वाहते, तेव्हा दोष बहुधा त्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवण्यासाठी थोडे पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात असतो. केस आणि साबणाचा थर काढला की काम होते. आपले नळ बंद असताना दुसऱ्याचे पाणी आपल्याकडे चढते, याचा अर्थ ते आपल्या जोडणीच्या पुढे कोठेतरी अडले आहे आणि त्या उभ्या पाइपवरचे सर्वांत खालचे उघडे तोंड आपली जाळी असल्याने तेथून बाहेर पडते आहे. गुडगुड होते ती पाइपमध्ये कोंडलेली हवा ट्रॅपमधल्या पाण्यातून वाट काढते म्हणून. पाणी वर येऊ लागण्याच्या बरेच आधी हा आवाज सुरू होतो, त्यामुळे तो ऐकू आला की तेव्हाच हालचाल करावी.

कमोड वाहतो आहे, ही खूण सर्वांत मोलाची आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या इमारतींत मैल्याचा पाइप आणि न्हाणी-स्वयंपाकघराचा पाइप वेगवेगळे असतात. मैल्याचा पाइप सरळ चेंबरमध्ये, म्हणजे आवारातल्या झाकण असलेल्या ड्रेनेजच्या हौदीत जातो. दुसरा आधी भिंतीलगतच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळी बसवलेल्या लहान हौदीत पडतो आणि तेथून चेंबरला मिळतो. म्हणून इमारतीबाहेर जाऊन या दोन्ही जागा पाहाव्यात. गली ट्रॅप काठोकाठ भरलेला आणि शेजारच्या चेंबरच्या तळाची पन्हाळी रिकामी वाहती असेल, तर अडथळा गली ट्रॅपमध्ये किंवा त्या दोहोंमधल्या पाइपात आहे. चेंबरही तुंबलेला असेल, तर पुढचा चेंबर उघडावा, आणि असे करत जिथे भरलेल्या चेंबरपुढचा चेंबर कोरडा सापडेल, तिथे त्या दोघांमध्ये अडथळा आहे असे समजावे. कामट्या किंवा रॉड शक्यतो या कोरड्या चेंबरकडून वर घालावेत, कारण तसे केल्याने कचरा हाती लागतो. वरून ढकलला तर तो पुढच्या वळणात जाऊन बसतो. मात्र अडथळा सुटताच तुंबलेले पाणी एकदम येते, तेव्हा रॉड धरणाऱ्याने बाहेर, बाजूला उभे राहावे. झाकण काढल्यावर थोडा वेळ हवा खेळू द्यावी, जवळ विडी-काडी पेटवू नये, आणि चेंबर कितीही उथळ दिसला तरी डोके आत घालू नये.

ॲसिडला स्पष्ट नकार द्या. पाइप पूर्ण तुंबलेला असताना ते अडथळ्यापर्यंत पोहोचतच नाही, साचलेल्या पाण्यात तसेच राहते आणि नंतर स्प्रिंग फिरवणाऱ्याच्या अंगावर उडते. त्याआधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

एक वेगळी शक्यताही तपासावी. हा त्रास केवळ पावसातच वाढत असेल, तर गच्चीचा पन्हाळ-पाइप कोणी ड्रेनेजला जोडला आहे का ते पाहावे. शंभर चौरस मीटर गच्चीवर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5,000 लिटर पाणी होते. सांडपाण्याच्या लाइनवर तेवढा जादा भार पडतो, आणि ती अर्धवट तुंबलेली असेल तर तिला तो पेलत नाही.

उपविधी_वाचक:

सोसायटीचे म्हणणे मान्य करू नका. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादी आहे आणि तिच्यात ड्रेनेज लाइनचा स्पष्ट उल्लेख आहे. पाणी कोणाच्या घरात साचते यावर जबाबदारी ठरत नाही. बिघाड सामाइक लाइनमध्ये आहे का, एवढेच पाहावे लागते. वरच्यांनी पाणी सोडल्यावर जाळीतून पाणी वर येत असतानाचे चित्रीकरण जोडून सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. सोसायटीच्या आवारातला शेवटचा चेंबरही तुंबलेला आढळला, तर सोसायटीने महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करून रस्त्यावरची मुख्य वाहिनी तपासून घ्यावी.

सफाई_सुरक्षा:

वरच्या चर्चेत एक गोष्ट आणखी ठळकपणे यायला हवी. अशा वेळी सोसायट्या घाईने कोणाला तरी रोजंदारीवर बोलावतात आणि खोल चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायला सांगतात. तेथे साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असा समज होऊन माणसे जीव गमावतात. पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हाताने मैला सफाईस बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास मनाई आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारातील मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. जेटिंगची, म्हणजे दाबाच्या पाण्याने लाइन मोकळी करणारी गाडी मागवा. पैशांसाठी कोणी उतरायला तयार झाला, तरी त्याला उतरू देऊ नका.

तळमजला_पुणे:

सर्वांची आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे पाहिले, तेव्हा चेंबरची पन्हाळी वाहती होती, पण गली ट्रॅप सापडेना. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना तो खाली गाडला गेला होता. ब्लॉक उचलल्यावर सिमेंटचे कडक ढेकूळ आणि त्यावर बोटभर जाडीचा, मेणासारखा पांढरट तेलाचा थर निघाला. आता पाणी व्यवस्थित जाते. सोसायटीने खर्च मान्य केला आहे. पुन्हा असे होऊ नये म्हणून आमच्या पाइपवर एकदिशा व्हॉल्व्ह बसवावा का?

निवृत्त_स्थापत्य_अभियंता:

व्हॉल्व्ह हा शेवटचा उपाय समजावा. त्याच्या झडपेत केस अडकले की ती नीट मिटत नाही, आणि नीट मिटली तरी वरच्यांचे पाणी अडलेलेच राहते व आपलेही बाहेर जात नाही. आपल्याला दोन कामे करून घ्यावी लागतील. गली ट्रॅपची जाळी पेव्हरच्या पातळीला, पण आपल्या न्हाणीच्या जाळीपेक्षा खाली आणून कायम उघडी ठेवावी. म्हणजे पुढे कधी तुंबले, तरी पाणी आवारात पसरेल आणि वेळीच सर्वांच्या नजरेस पडेल. तिच्याभोवती बोटभर उंच कडा मात्र करावी, नाहीतर आवारातले पावसाचे पाणी तीत शिरेल. दुसरे काम थोडे खर्चाचे आहे: तळमजल्याची न्हाणी आणि सिंक वरून येणाऱ्या उभ्या पाइपवरून तोडून स्वतंत्र पाइपने, स्वतंत्र गली ट्रॅपमार्गे चेंबरला जोडावेत. चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट उतार द्यावा, आणि पाइप मातीखाली झाकण्याआधी वरच्या टोकाने बादलीभर पाणी सोडून ते चेंबरमध्ये खळ न पडता येते का, हे स्वतः उभे राहून पाहावे.