गव्यांच्या शेणावर अभ्यास करणाऱ्या पोरांना पैसे द्यायचे, की त्याच पैशात कुंपण घालायचं?

रंकाळ्यावरचा
मित्राची मुलगी प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटचं सत्र. विषय: दाजीपूरच्या बाजूचे गवे काय खातात, ते शेणावरून ओळखायचं. सहज विचारलं, खर्च किती आला गं? म्हणाली, आत्तापर्यंत साडेअकरा हजार. कुणी दिले? "पप्पांनी." पप्पा गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितात.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला जंगलाची काय कमी आहे? 1958 साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढे वाढून राधानगरी अभयारण्य झालं, 351 चौरस किलोमीटर. वरच्या अंगाला चांदोली, मध्ये विशाळगड, खाली आजरा-भुदरगड आणि चंदगडची संवर्धन राखीव क्षेत्रं. आणि अभ्यासाला पैसे कुणाला? नेट-जेआरएफ (पीएचडीसाठीची राष्ट्रीय फेलोशिप) झालेल्याला महिन्याला 37,000. सारथी, बार्ती, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही पीएचडीवाल्यांना. एमएस्सीच्या बहुतेक पोरांना मात्र शून्य. जंगलात पहिल्यांदा पाय ठेवायचं वय हेच, आणि इथेच खिसा रिकामा.

माझं म्हणणं सोपं आहे. दरवर्षी 20 पोरांना प्रत्येकी 25 हजार, म्हणजे पाच लाख. एवढ्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामाला द्यायच्या पैशातून, पाच लाख निघू नयेत? विसर्जनाच्या एका रात्रीत साउंड सिस्टिमवर किती जातात, ते पेठेतल्यांनीच सांगावं.

माळावरचा
गवा काय खातोय ह्ये शोधायला साडेअकरा हजार कशाला? माझ्या रानात या, फुकटात दावतो. ऊस खातोय, शाळू खातोय, भाताच्या तरव्यावर तर जीव हाय त्येचा.

राधानगरीच्या वरल्या अंगाला दीड एकर रान हाय माझं. रातीला कळप उसात शिरला की खातोय कमी अन् तुडवतोय जास्त. आमी रानातल्या माळ्यावर (मचाणावर) बसून डबं बडवायचं, बॅटरी मारायची. म्होरं उभा ऱ्हातोय, हलत न्हाई. मग पंचनामा, फोटू, सातबारा, हेलपाटं. मागल्या साली जी भरपाई आली त्यात बियाणं बी भागलं न्हाई. तुमच्या पाच लाखात आमच्या निम्म्या वाडीला झटक्याचं कुंपण हुईल. पोरांचा अभ्यास मागनं करा की.

आन् एक. पोरं येत्यात. पिशवीत शेण भरत्यात, "काका, कळप कवा आला, कितीचा हुता" इचारत्यात, वहीत लिवत्यात, च्या पित्यात. मग तोंड दावत न्हाईत. आजवर सात-आठ जण आलं आसतील. माझ्या रानाचं काय लिवलं, त्ये एकानं बी येऊन सांगितलं न्हाई.

ताळेबंद
भावनेच्या भरात हिशेब चुकू नये म्हणून सांगतो. सीएसआरचं बंधन कंपनी कायदा 2013, कलम 135 मधलं. आपले बरेच कारखाने सहकारी आहेत, ते कंपन्याच नाहीत. त्यांना हे कलम लागूच होत नाही. खासगी कंपनी असली तरी निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी, यातलं एक तरी लागतं. शिरोली-गोकुळ शिरगावातल्या किती फाउंड्री त्यात बसतील ते मोजा.

बसतील त्यांना मात्र वाट मोकळी आहे. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के. वन्यजीव आणि पर्यावरणाचं काम त्याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आहेच, शिवाय सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठातल्या संशोधनालाही रक्कम देता येते. पण ती विद्यापीठाच्या नावाने जाते. पोरीच्या पप्पांच्या खात्यावर नाही, आणि पोरीच्याही नाही. मधल्या टेबलांवर किती महिने झोपेल, याला कलम नाही.

जुनीवही
माळावरचे काका, पिशवीत शेण भरून नेणाऱ्यांपैकी मी एक. तुमच्या रानात आलो नव्हतो, पण तोंड न दाखवणाऱ्यांत मीही आहे. ते कबूल करून मग बोलतो.

गवा ऊस खातो हे तुम्हाला माहीत आहे. कुठल्या महिन्यात तो रानातलं गवत सोडून उसाकडे वळतो, ते माहीत आहे का? सगळा कळप वळतो की दोन-चार नरच? शेणातून यातलं निम्मं कळतं. ताज्या शेणावर ओलसर चकाकी असते, ती गेली की नमुना घेण्यात अर्थ नाही. काडीने आतला भाग काढायचा, कागदी पिशवीत घालायचा, तारीख आणि जागा लिहायची. खोलीवर वर्तमानपत्रावर वाळवायचं. (माझा पार्टनर तीन आठवडे मावशीकडे राहायला गेला होता. अजून पार्टीत काढतो.) मग धुवायचं, चाळायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पानांच्या सालीचे तुकडे बघायचे. प्रत्येक गवताच्या पेशींची नक्षी वेगळी. उसाची एकदा डोळ्यात बसली की लपत नाही. पण त्याआधी रानातल्या गवतांच्या स्लाइड करून ठेवाव्या लागतात, नाहीतर कशाशी ताडणार? माझे दोन महिने त्यातच गेले.

हे महिन्यावार कळलं तर राखण कधी लावायची, कुरण कुठे सुधारायचं, हे ठरवता येतं. कुंपणालाही ते लागतंच. एका वाडीला घातलं की कळप शेजारच्या वाडीत जातो.

खर्चाचं म्हणाल तर कोल्हापूरहून दाजीपूर जाऊन-येऊन 160 किलोमीटर. मोटरसायकलला एका फेरीचे साडेतीनशे रुपये. वीस फेऱ्या म्हणजे सात हजार, फक्त पेट्रोल.

पण पैशापेक्षा जास्त रडवलं वेळेनं. माझा विषय ठरला जानेवारीत. अभयारण्यात काम करायला 1972 च्या कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि अर्जच मी फेब्रुवारीत केला. परवानगी हातात आली तेव्हा सत्र संपत आलं होतं. मग अभयारण्याबाहेरच्या मालकीच्या रानात जे मिळालं त्यावर भागवलं. बेडकांवर काम करणाऱ्या मैत्रिणीचं तर विचारू नका. बेडूक ओरडतात जून-जुलैत, तिचा प्रकल्प जानेवारी ते एप्रिल. चार महिने दगड उलटे करत बसली. तिला डिसेंबरात 25 हजार देऊन काय उपयोग झाला असता?

खडूफळा
शिकवण्यात वीस वर्षं गेली, म्हणून थोडं कडू बोलतो. 20 पोरं गुणिले 25 हजार म्हणजे 20 बांधीव प्रती. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. तोंडी परीक्षेच्या दिवशी टेबलावर, दुसऱ्या दिवशी कपाटात. वाळवीसुद्धा पहिली दोन प्रकरणं सोडून देत असेल, कारण ती सगळ्यांची सारखीच असतात.

तीन-चार महिन्यांत गवा कळत नाही, ते त्याच्या एका वर्षाचंही आयुष्य नव्हे. पाच लाख असतील तर ते एकाच कामाला लावा. एक माणूस पगारावर, ठरलेल्या पाच-सहा वाटा, दर महिन्याला त्याच वाटांवरून चालून तीच मोजदाद, दहा वर्षं. त्यातून काहीतरी हाती लागेल. पोरांना पेट्रोलचे पैसे वाटणं ही हौस आहे, संशोधन नव्हे.

सडाफुली
सर, दहा वर्षं चालणारा तो माणूस तयार कुठे होणार? वर्गात?

मी सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या, वनस्पतींवर काम केलंय. मे महिन्यात बघाल तर काळा कातळ, चप्पल चिकटेल इतका तापलेला. लोक त्याला पडीकच म्हणतात. सप्टेंबरात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू, एखाद्या कडेला कंदीलपुष्प. पहिल्यांदा गेले तेव्हा दवबिंदूच्या पानाला डास चिकटलेला बघत अर्धा तास पालथी पडून होते, पाठीवर पाऊस. त्या अर्ध्या तासाने माझं पुढचं ठरलं. तो अर्धा तास कुणीतरी स्पॉन्सर केला नसता तर आज मी कदाचित बँकेच्या परीक्षा देत असते. (माझ्या मामाने केला. पंधराशे रुपये, आणि वर शिव्या.)

सीएसआरबद्दल मात्र मला धास्ती आहे. आपल्याकडे बॉक्साइट आहे ते याच सड्यांच्या पोटात. उद्या खाणीशी संबंध असलेल्या कुणी सड्यावरच्या फुलांच्या अभ्यासाला पैसे दिले तर पोरगी काय लिहील? तिला कुणी फोन करून दम देणार नाही. तीच दोन वाक्यं मवाळ करेल. मी त्या वयात केली असती. त्यामुळे देणाऱ्याचं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर हवं, आणि विषय निवडताना देणारा खोलीबाहेर.

तटाकडील
विषय थोडा सोडून. संस्थानकाळात कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते पाळत, पुढे आफ्रिकेतून आणवले. त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. जनावर कधी चिडतं, कधी खात नाही, कशाने शांत होतं, हे त्यांच्या हातात होतं. 1952 साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. आता पुन्हा आफ्रिकेतून आणलेत, आणि सगळं नव्याने शिकणं चाललंय. चित्तेवानांच्या घरी जाऊन चार वह्या भरून आणायला तेव्हा एखाद्या बीएस्सीच्या पोराला कुणी पन्नास रुपये दिले असते तर? माळावरच्या काकांना जे माहीत आहे तेही असंच जाणार.

खडूफळा
चित्तेवानांचं पटलं. पण मग त्याला आठवणी गोळा करणं म्हणा, तेही काम मोठं आहे. माझा आक्षेप विखुरलेपणाला आहे. 20 विषय नकोत. पाच वाटा ठरवा, दरवर्षीची पोरं त्याच वाटांवर, त्याच पद्धतीने. पहिल्या वर्षीच्या पोराची वही दुसऱ्या वर्षीच्या पोराच्या हातात. असं होणार असेल तर माझ्याकडून वर्षाला दहा हजार. फुलपाखरं, कोळी आणि "एक अभ्यास" असलं काही येणार असेल तर एक रुपया नाही.

सडाफुली
सगळ्यांना गवा मोजायला लावलात तर कोळ्याकडे कोण बघणार, सर? हे मान्य नाही. निम्मी पोरं वाटांवर, निम्मी आपापल्या वेडावर.

रंकाळ्यावरचा
कारखान्यांचं माझं चुकलं, ताळेबंद यांनी कान धरला ते बरं झालं. कंपनीच्या मागे न लागता माजी विद्यार्थ्यांकडून सुरुवात करू. 20 नाही, पहिल्या वर्षी सहा पोरं. तीन वाटांवर, तीन आपल्या विषयावर (सरांनी डोळे मिटावेत). विषय आणि परवानगीचा अर्ज एप्रिलपर्यंत, पैसे मेअखेर, पहिल्या पावसाआधी हातात. शेवटचे पाच हजार राखून ठेवायचे. ज्या वाडीत काम केलं तिथल्या ग्रामसभेत मराठीत अहवाल वाचून दाखवला, सरपंचांची सही आणली, की ते द्यायचे.

कुंपणाबद्दल मात्र माझं मत तेच. ती जबाबदारी सरकारची. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर 25 लाख देतात ना, मग आधीच्या बंदोबस्तालाही त्यांनीच द्यावेत. ती मागणी पोरांच्या पेट्रोलमधून वजा करू नका.

माळावरचा
सरकारचं नाव आमाला सांगू नगा, आमी त्ये लई ऐकलंय. कुंपण पयलं, ह्ये माझं बी तेच हाय.

पर सहीचं बरं काढलंसा. त्या जुनीवहीवाल्याला म्हणावं, काल रातीला परत आल्ता कळप, वढ्याच्या अंगानं. शेण ताजं हाय, चकाकी हाय का न्हाई त्ये त्यानंच बघावं. यायचं तर पाच वाजायच्या आत या, मागनं वाट सापडत न्हाई. माळ्यावर दोघांचीच जागा हाय, मास्तरास्नी आणू नगा.