१८५ ची (दारू पिऊन गाडी चालवल्याच्या कलमाची) तारीख: तुमचे कोर्टाचे अनुभव

वाटसरू_पुणे
काल गटारी. रात्री अकराला दूध संपलं म्हणून खाली उतरलो तर कोपऱ्यावर नाकाबंदी. एक पंचविशीचा पोरगा यंत्रात फुंकत होता आणि हवालदार वैतागून म्हणत होते, "अहो ओढताय काय, फुंका!" अगदी हेच वाक्य मी २०१४ मध्ये ऐकलंय. दूध न घेताच घरी आलो.

तेव्हा ऑफिसात एकाचा निरोप समारंभ होता. दोन पेग आणि 'मला काही होत नाही'. यंत्राच्या चिठ्ठीवर आकडा ७२. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. लायसन्स गेलं, बाइक चौकीत, हातात शिवाजीनगर कोर्टाची तारीख.

पण खरं कोर्ट घरी भरलं. आमचे बाबा तालुका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. ओरडले नाहीत. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलाशी साहेब होऊन बसले आणि आईला पुकारा करायला लावला. आईनं माझं नाव घेऊन "हाजिर हो" म्हटलं. बाबा म्हणाले, ते सिनेमात. नुसतं नाव घे, तीनदा.

मग मला: हात खिशात नको. घडी घालून नको. मोबाइल बंद, सायलेंट नव्हे. गुन्हा कबूल आहे का विचारलं की 'हो' म्हणायचं. 'हो, पण' नाही. 'पण' ऐकला की साहेब मान वर करतात.

मी पाच वेळा 'हो, पण' म्हणालो. आईनं पाच वेळा पुकारा केला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला हजर, नंबर लागला पावणेतीनला, समोर उभा राहिलो दीड मिनिट. दंड २०००, पहिल्या वेळी तेव्हा जास्तीत जास्त तेवढाच होता. पावती बाबांनी लॅमिनेट करून ठेवलीय!

तुमचे सांगा. तयारी काय केलीत, घरी काय सांगितलंत.

कंदी_पेढा
आमच्याकडं तालुक्याला लपायची सोय नाय. कोर्टाच्या आवारात शिरलो तर पहिला भेटला चुलतसासरा. "काय पाव्हणं, हिकडं?" म्हटलं जमिनीची तारीख. वाटपाचा दावा. तर म्हणं आमचाच वकील द्या की, लई भारी हाय. चार वर्सं झाली, दर दिवाळीला इचारतोय दाव्याचं कुठवर आलं. आता खरंच लावावा म्हणतो, भाऊ तयार हाय.

मृण्मयी_७
@कंदी_पेढा 😂😂 भावाला आधी सांगा

आमचं उलटं. प्यायला नवरा, गाडी माझी. ॲक्टिव्हा सोडवायला मालक हवा म्हणून मला जावं लागलं. आरसी, विमा सगळं नेलं आणि पीयूसी संपलेली. म्हणजे त्याच्या बिअरपायी माझंही चलन. तो बाहेर चहा पीत उभा. आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी बोलावं लागलं, गॅस सिलिंडर आला होता.

डबलरोटी
माझ्याकडे दारूचा आयुष्यभराचा परवाना आहे. नाकाबंदीत दाखवला. हवालदार म्हणाले छान आहे, आता फुंका.

सखी_शेजारीण
शिवाजीनगर कोर्टाजवळ मिसळ कुठे चांगली मिळते हो? पुढच्या आठवड्यात भाडेकराराच्या कामाला जायचंय

न्यूजर्सीकर
इथे लिहू का नको करत होतो. आमच्याकडे ही केस गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालते. ज्यूरी वगैरे काही नाही, एक न्यायाधीश आणि मागे पार्किंगवाले, कुत्र्याचं लायसन्स न काढलेले असे सगळे. दंड फार नव्हता. पण सरचार्ज वर्षाला १००० डॉलर, तीन वर्षं. शिवाय १२ तासांचा वर्ग. विम्याचं तर विचारूच नका.

आणि ज्याची तयारी कुणीच करून दिली नाही ते म्हणजे व्हिसा. नुसत्या अटकेवरून वकिलातीकडून मेल आला, व्हिसा रद्द. केसचा निकालही लागला नव्हता. इथे राहायला अडचण नाही, पण भारतात आलो तर परतताना नवा व्हिसा, त्याआधी वैद्यकीय तपासणी. त्या वर्षी बहिणीचं लग्न व्हिडिओवर बघितलं. अंतरपाट धरला तेव्हा नेट गेलं.

मृण्मयी_७
अरेरे. अंतरपाटाचं वाचून कसंतरी झालं

टेम्पो_४०७
आमचं पोट लायसनवर. सहा महिने सस्पेंड. कोर्टात दंड भरला तेव्हा वाटलं सुटलो, मग आरटीओचं पत्र. बाहेर एक जण म्हणत होता तीन हजार दे, लायसन आजच सोडवतो. दिले. तो परत दिसला नाही. सहा महिने मालकाच्या गाड्या धुतल्या

शांत_वारा
हसताय, हसा. माझा मामेभाऊ २०११ पासून कुबडीवर आहे. ठोकणाऱ्याची तारीख होती तेव्हा आम्हीही तिथेच होतो, मागच्या बाकावर. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यालाही कुणीतरी घरी शिकवलं असेल हात कुठे ठेवायचे ते.

वाटसरू_पुणे
@शांत_वारा यावर मी काय लिहू. मी त्या रात्री कुणाला ठोकलं नाही तो निव्वळ योगायोग. पावती लॅमिनेट का केली ते बाबांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी_आजी
गटारीला आमच्याकडे फक्त कोंबडीवडे व्हायचे. कुणी गाडी चालवायचं नाही कारण गाडीच नव्हती.

डबलरोटी
आजी वड्यांची रेसिपी टाका

अबोली_डोंबिवली
विषयाला धरूनच विचारते. भाच्याची मंगळवारी तारीख आहे, पहिलीच वेळ. तो म्हणतो ॲपवर चलन भरून मिटतं, रजा कशाला घालवू. खरं का? सकाळी औषध घेतलं होतं म्हणून आकडा आला असंही सांगणार आहे. होमिओपॅथीचं.

न्यूजर्सीकर
होमिओपॅथीवाला इथेही एक होता. देशीच.

कोर्टकचेरी
@अबोली नाही हो. हेल्मेट, सिग्नल ॲपवर भरता येतं. १८५ मध्ये तडजोड शुल्क नाही, कोर्टातच उभं राहावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गेलाच नाही तर वॉरंट निघतं, मग घरी पोलीस. लायसन्स घेतल्याची पोच, यंत्राची चिठ्ठी, आधार आणि रोख रक्कम जवळ असू दे. वकिलाला एकदा विचारा, कबूल करायचं की नाही ते त्यानं ऐकून ठरवू दे. आणि ते औषध घरीच ठेवा. गोळ्यांनी ३० ओलांडायला डबा संपवावा लागेल.

अबोली_डोंबिवली
आकडा ११८ आहे 😶

कंदी_पेढा
मग डबा न्हाई, दुकान

अबोली_डोंबिवली
ताईला अजून माहीत नाही. तिला वाटतंय इंटरव्ह्यू आहे, नवा शर्ट आणलाय तिनं.

वाटसरू_पुणे
@अबोली बाबा शेजारी बसून धागा ऐकतायत, ८१ वर्षांचे आहेत. म्हणाले शर्ट नवा नको, घडीच्या रेघा दिसतात, एकदा धुऊन घालू दे. आणि विचारतायत, कोर्ट कितवं, आणि केसेसचा बोर्ड सकाळचा की दुपारचा?