स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये पुढचं शिक्षण: एम.टेक. करू की नोकरीत राहूनच शिकू? सल्ला हवाय

मांजराकाठचा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी सिव्हिलचा बी.ई., २०२१ चा पासआउट, गाव लातूर जिल्ह्यात, पुण्यात एका आरसीसी कन्सल्टंटकडे तीन वर्षं झाली. काम म्हणजे आर्किटेक्टचं ड्रॉइंग आलं की ईटॅब्समध्ये (बिल्डिंगचं गणित करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल उभं करायचं, लोड टाकायचे, रन मारायचा, लाल, म्हणजे कमी पडणारे, दिसतील ते बीम-कॉलम मोठे करायचे, पुन्हा रन मारायचा आणि सगळं हिरवं झालं की डिटेलिंगला पाठवायचं. हात बसलाय, पगारही ठीक आहे.

पण मागच्या महिन्यात साइटवर कॉन्ट्रॅक्टरने विचारलं की साहेब, हा कॉलम दोन फूट इकडे घेतला तर चालेल का, रॅम्पला आडवा येतोय. मी म्हटलं मॉडेलमध्ये बघून सांगतो. तो बरं म्हणून गेला, पण मला दिवसभर खात राहिलं की तीन वर्षं हेच करतोय आणि मला अंदाजही सांगता येऊ नये? सरांनी फोनवर ऐकूनच सांगितलं की वरच्या बीमचा स्पॅन किती वाढेल आणि फुटिंग कुठे अडेल.

दुसरं म्हणजे आमचं घर किल्लारीच्या पट्ट्यातलं. १९९३ ला माझा जन्म नव्हता, पण आजी अजूनही दगडी भिंतीच्या खोलीत झोपत नाही, थंडी असो पाऊस असो पत्र्याच्या पडवीत झोपते. त्यामुळे भूकंपाचं डिझाइन नीट शिकायचं हे कॉलेजपासून डोक्यात आहे. तर विचारायचं असं की नोकरी सोडून गेट (एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा) देऊन एम.टेक. करावं का, कुठे करावं, की बाहेर जावं, की इथेच राहून सॉफ्टवेअरचे कोर्स करावेत? घरून दोन वर्षं पैसे मागणं अवघड आहे हेही सांगून ठेवतो.

शिअरवॉल:
गेट दे, दुसरा विचार करू नकोस. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे नोकरी करत करत दिला आणि पहिल्या वर्षी आयआयटी नाही मिळाली तरी फुकट जात नाही. गेटवरून एम.टेक.ला गेलास तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड असतो, हॉस्टेल-मेस त्यात जेमतेम भागतं पण घरून मागायची वेळ येत नाही. अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी करावे लागतात, प्रत्येक आयआयटीला वेगळा अर्ज आणि त्यांच्या सीटची ऑफर घ्यायला कोआप हे पोर्टल, एनआयटीसाठी सीसीएमटी आणि राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची कॅप या सामाईक प्रवेश फेऱ्या. तारखा एकमेकींत अडकतात, वहीत लिहून ठेव, माझ्या एका मित्राची सीट फक्त तारीख चुकल्यामुळे गेली.

गोदातीर:
माझं बावीस वर्षांचं काम याच क्षेत्रातलं, त्यातली बारा स्वतःची प्रॅक्टिस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मांजराकाठच्या, एम.टेक. कर. पण का करायचं ते आधी स्वतःशी नक्की कर. पदवीला आपण जे शिकतो ते बहुतेक स्थिर भारांचं असतं, मोमेंट डिस्ट्रिब्यूशन, स्लोप डिफ्लेक्शन, थोडं मॅट्रिक्स. भूकंपात बिल्डिंग हलते आणि तिच्यावर किती जोर येणार हे तिच्या स्वतःच्या वजनावर, ताठरपणावर ठरतं, आणि हा विषय पदवीत कुणी मनावर घेऊन शिकवत नाही. स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, फायनाइट एलिमेंट, नॉनलिनिअर अ‍ॅनालिसिस, प्लेट्स आणि शेल्स हे चार विषय दोन वर्षं कुणीतरी तुझ्याकडून घासून करून घेतंय यासाठी एम.टेक. करायचं. फक्त पगार वाढावा म्हणून करणार असशील तर नोकरीतच राहा, दोन वर्षांचा अनुभव तेवढंच देईल.

आता माझ्याकडचंच एक उदाहरण देते. मागे एका मुलाने ऑफिसच्या बिल्डिंगचं मॉडेल दाखवायला आणलं. तळमजला अधिक चार, उंची १५ मीटर, प्लॅन १२ बाय २० मीटर, जमीन कडक, काळा पाषाणच लागलेला. मी त्याला मॉडेल बाजूला ठेवायला सांगितलं आणि कागद घेतला. वजन आधी. चौरस मीटरला साधारण १० किलोन्यूटन धरले तर एका मजल्याचे २४००, पाच स्लॅबचे १२,०००. मॉडेलमध्ये साधारण तेवढंच होतं, छान. मग पिरिअड, म्हणजे बिल्डिंगला एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ. त्याने ईटॅब्समध्ये नुसत्या फ्रेमचं सूत्र निवडलं होतं, उंचीचा ०.७५ वा घात गुणिले ०.०७५, म्हणजे ०.५७ सेकंद. पण बिल्डिंगमध्ये विटांच्या भिंती आहेत! त्या भिंती फ्रेमला ताठ करतात. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या भागात अशा बिल्डिंगसाठी ०.०९ गुणिले उंची भागिले प्लॅनच्या लांबीचं वर्गमूळ असं वेगळं सूत्र आहे, १२ मीटरच्या दिशेला ते येतं ०.३९ सेकंद.

फरक काय पडला बघ. कडक जमिनीसाठी ०.४० सेकंदापर्यंत स्पेक्ट्रमचा आकडा (त्या पिरिअडच्या बिल्डिंगला हादरा किती पटीने बसेल तो) २.५ असतो, पुढे तो एक भागिले पिरिअड असा उतरत जातो, म्हणजे ०.५७ ला जवळपास १.७५. त्या कोडप्रमाणे पुणे भूकंपाच्या झोन तीनमध्ये, झेड (झोनचा आकडा) ०.१६, डक्टाइल, म्हणजे न तुटता वाकणाऱ्या, फ्रेमचा आर (जोर जितक्या पटीने कमी धरतात तो आकडा) ५. भिंतींच्या सूत्राने बेस शिअर, म्हणजे तळाशी येणारा एकूण आडवा जोर, येतो वजनाच्या ४ टक्के म्हणजे ४८० किलोन्यूटन, नुसत्या फ्रेमच्या सूत्राने २.८ टक्के म्हणजे ३३६. एका ड्रॉपडाउनमध्ये चुकीची ओळ निवडली आणि बिल्डिंगवरचा भूकंप तीस टक्क्यांनी कमी झाला. मॉडेल सगळं हिरवंच होतं. डायनॅमिक पद्धतीने काढलेला शिअर वरच्या सूत्राच्या, म्हणजे स्टॅटिकच्या, शिअरपेक्षा कमी आला तर तो स्टॅटिकच्या पातळीवर आणायचा असतो, तेही त्याने केलं होतं, पण ज्या स्टॅटिकवर आणलं तेच मुळात कमी होतं. मुलगा हुशार आहे, त्याला कुणी भिंतीचा ताठरपणा समजावून सांगितलाच नव्हता.

म्हणून सॉफ्टवेअरच्या कोर्सला पैसे घालू नकोस. बटणं तुला येतात, बटणामागे काय चाललंय ते शीक.

साइटवाला:
ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के. मी डिझाइनवाला नाही, पंधरा वर्षं साइट बघतो, तरी एक सांगतो. डिझाइन कितीही भारी करा, कॉलमच्या रिंगेचा (उभ्या सळयांभोवतीच्या कड्याचा) हूक ९० अंशांत वाकवला की सगळं पाण्यात. आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या सळयांच्या कोडमध्ये १३५ अंश सांगितलाय आणि पुढे शेपूट सळईच्या व्यासाच्या सहापट, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. फिटरला ९० सोपा पडतो कारण रिंग वरून टाकता येते आणि दोन-तीन ठोक्यात बसते, आणि जॉइंटमध्ये तर रिंगा टाकतच नाहीत, बीमची सळई आडवी येते म्हणून. हादरा बसला की कव्हर उडतं, ९० चा हूक उघडतो, आतलं काँक्रीट मोकळं होतं आणि उभ्या सळया वाकतात. तर भाऊ, एम.टेक. कर नाहीतर नको करू, पण आठवड्यातून एक दिवस साइटवर जा आणि स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी जा, भरल्यावर जाऊन काही दिसत नाही. फिटरला हाताने एक हूक वाकवून दाखव, तो तुझं आयुष्यभर ऐकेल.

ऑरेंजसिटी:
व्हीएनआयटी नागपूरचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. इथे स्ट्रक्चरलचं एम.टेक. आहे आणि स्ट्रक्चरल डायनॅमिक्स आणि अर्थक्वेक इंजिनिअरिंगचं वेगळं एम.टेक. आहे, तुला जे पाहिजे तेच. मुंबईत आयआयटी आणि व्हीजेटीआय, पुण्यात सीओईपी, सांगलीत वालचंद, चारही ठिकाणी स्ट्रक्चरल चांगलं आहे. भूकंपच धरून चालायचं असेल तर रुरकीला त्याचा स्वतंत्र विभाग आहे, १९६० पासूनचा, देशात सगळ्यात जुना. कॉलेज निवडताना लॅब बघ आणि गाइड कोण मिळणार ते बघ, दुसऱ्या वर्षाचं डिझर्टेशन (प्रबंध) ज्या विषयावर होतं त्यावरच पुढे लोक तुला ओळखतात. मी ओपन पार्किंगच्या बिल्डिंगवर केलं, त्या एका कामाने माझी पहिली नोकरी लागली. २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे अहमदाबादमध्ये असल्या बिल्डिंगा पडल्या, खाली पार्किंगमध्ये भिंती नाहीत, वर सगळीकडे भिंती, सगळी हालचाल त्या एका मजल्यावर येते. आपल्याकडे गल्लोगल्ली हेच चाललंय.

म्युनिकवासी:
बाहेरचं थोडं माझ्याकडून. जर्मनीत बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत फी नसते, पण म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपबाहेरच्या नवीन विद्यार्थ्यांना फी लावलीये, म्हणून जुने ब्लॉग वाचून हिशोब करू नका. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच बँकेत अडकवून ठेवावे लागतात, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो. वायमारच्या बाउहाउस युनिव्हर्सिटीत नैसर्गिक आपत्ती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग एकत्र शिकवणारा इंग्रजीतला मास्टर्स आहे, तो बघ.

पण खरं सांगू, महाराष्ट्रात परत येऊन घरं बांधायची असतील तर इथेच शीक. इथे युरोकोड शिकवतात, तुझ्या गावची दगडमातीची भिंत इथे कुणाच्या अभ्यासक्रमात नाही.

मांजराकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचं उदाहरण वाचून मी रात्री माझी जुनी मॉडेलं उघडून बसलो, सात प्रोजेक्ट तपासले, दोनमध्ये नुसत्या फ्रेमचाच पिरिअड निघाला. आज सकाळी सरांना सांगितलं, वाटलं ओरडतील, पण ते खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही आम्ही परत रन केले. एकाचं काम अजून प्लिंथलाच आहे, त्यामुळे कॉलम बदलता येतील. दुसऱ्याला पुरेशी मार्जिन निघाली, सुटलो.

एम.टेक.चं ठरवलंय, येत्या फेब्रुवारीत गेट. तोवर नोकरी करत कुठून सुरुवात करू? आणि किल्लारीत नेमकं काय चुकलं होतं हे कुणी समजावेल का, आजीला सांगायचंय.

गोदातीर:
चूक स्वतःहून सरांना सांगितलीस, फार बरं केलंस.

किल्लारीबद्दल. तिथल्या भिंती जाड होत्या, दोन-अडीच फुटांच्या सहज, पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये गोटे आणि माती. दोन थरांना आरपार बांधणारा लांब दगड नव्हता. वर माळवदाचा मातीचा बोजा. हादरा बसला तसे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, भिंत पोट फुगून फाटली आणि छप्पर खाली आलं, तेही ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला, विसर्जन करून लोक गाढ झोपलेले असताना. तोवर तो भाग झोन एकमध्ये होता, सगळ्यात सुरक्षित समजला जाणारा. २००२ च्या कोडमध्ये झोन एकच काढून टाकला आणि तो पट्टा झोन तीनमध्ये गेला. आजींना सांग की त्यांची भीती बरोबर आहे, पण दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. लांबीत जास्तीत जास्त चार फुटांवर आणि उंचीत दर दोन फुटांवर आरपार दगड आणि दाराच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा असता तर बऱ्याच भिंती उभ्या राहिल्या असत्या.

आता अभ्यास. अनिल चोप्रांचं डायनॅमिक्सचं पुस्तक घे, पहिली पाच-सहा प्रकरणं हाताने सोडव, नुसतं वाचू नकोस. आपल्याला त्यात जवळचं वाटेल असं एक कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ ला भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो नेमक्या त्या मानेवर, आणि ते तिथेच का गेले याचा अभ्यास करणाऱ्यांत हेच चोप्रा होते. अबॅकस नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या उदाहरणांच्या पुस्तिकेतही कोयना आहे. जगभरची मुलं आपल्या धरणाचा तडा सोडवून शिकतात.

एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांची साइट) डायनॅमिक्सचे आणि भूकंपाचे कोर्स फुकट आहेत. कानपूरच्या आयआयटीतल्या नाइसी केंद्राच्या भूकंपविषयक टिपा वाच, अगदी सोप्या आहेत. आयएस कोड बीआयएसच्या (भारतीय मानक ठरवणारी सरकारी संस्था) साइटवर नोंदणी करून फुकट मिळतात, झेरॉक्सवाल्याकडची जुनी प्रत वापरू नकोस.

आणि रोजच्या कामात प्रत्येक मॉडेलला चार गोष्टी कागदावर तपासायच्या. खालच्या रिअ‍ॅक्शनची बेरीज हाताने काढलेल्या वजनाशी जुळते का. पहिला मोड (बिल्डिंगची डोलण्याची पहिली तऱ्हा) सरळ सरकतोय की पिळतोय, पिळत असेल तर कॉलम-भिंतींची मांडणीच बदलायची. मोडमध्ये मिळून ९० टक्के वस्तुमान आलंय का. तडे गेल्यावर ताठरपणा कमी होतो तो धरायला बीमला ०.३५ आणि कॉलमला ०.७० चे मॉडिफायर लावलेत का. वीस मिनिटांचं काम आहे.

मांजराकाठचा:
आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली की आमच्या मागच्या भिंतीत असे लांब दगड होते, तिच्या सासऱ्यांनी खाणीतून मुद्दाम आणलेले, आणि तीच एक भिंत त्या रात्री पडली नव्हती. मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी गावाला जातोय, भिंत अजून उभी आहे, मोजून येतो.

गोदातीर:
मोजताना दगडांमधलं अंतर आडवं आणि उभं दोन्ही घे, आणि कोपऱ्यात भिंती एकमेकींत गुंतल्यात का तेही बघ. फोटो इथेच टाक.